टाचणीमावशीने फाडलेला शर्ट

मंगळवार, १२ मार्च. हवा कोरडी, वारा पश्चिमेकडून. गॅस सिलिंडर आला नाही, पुन्हा फोन करायचा. खालच्या दुकानातला बल्ब परवा गेला. टाचणी नवा लावत नाही, म्हणते, आता कशाला. दुपारी मशीन न्यायला तिचे जावई येणार. शर्ट न्यायला सिनेमावाली येणार. शर्टाच्या कॉलरचं एक बटण घट्ट करायचं आहे, बाकी तो उत्तम फाटला आहे.

ही नोंद सकाळची, चहा पिता पिता केलेली. संध्याकाळी त्याच पानावर पुढची ओळ लिहायला बसले तेव्हा माझ्या बुटांत वाळू होती आणि ओरडून ओरडून घसा बसला होता. मधल्या वेळात जे घडलं ते एका पानात मावणारं नव्हतं. ते इथे सांगते. पण त्याआधी टाचणी कोण, ते सांगायला हवं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोलीच. दाराजवळ पायाने चालवायचं शिवणयंत्र, मागे लांब टेबल, त्यावर जळका डाग पडलेली इस्त्रीची घोंगडी, भिंतीवर रिळांची फळी. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीमावशी म्हणते. मी वयाने मोठी, म्हणून मला ती नुसती टाचणी. टाचण्या तोंडात असताना ती फक्त 'हं' करते. पण त्या एका 'हं'चे इतके प्रकार आहेत, की गिऱ्हाइकाची पॅन्ट, त्याचं पोट आणि त्याचा स्वभाव या तिन्हींबद्दलचं तिचं मत त्याला दारातच कळतं.

तिचं खरं काम रफूचं. फाटलेल्या जागेच्या कडा बारीक कातरून साफ करायच्या, मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि तो उभा-आडवा विणत भोक भरून टाकायचं. काम झालं की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला सापडत नाहीच, पण दुसऱ्या दिवशी टाचणीलाही सापडत नाही. याचा तिला फार अभिमान. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी तिने या सुईवर वाढवली, शिकवली, परगावी दिली. माझे 'हे' गेल्यानंतर मी दुपारभर वर एकटी बसून असायची, तेव्हा तिनेच जिन्यातून हाक मारली होती, "ताई, भिंतींशी काय बोलता? खाली या, माझ्याशी भांडा." तेव्हापासून दुपारी मी तिच्याकडे बटणं निवडायला बसते आणि आम्ही नियमाने भांडतो.

पण हल्ली दुरुस्त करून घालतंय कोण? फाटलं की फेकलं. गेल्या वर्षभरात दुकानात माणसं आली ती बहुतेक पत्ता विचारायला. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बंद कर आता, इकडे ये." टाचणी टाळत राहिली, आणि एके दिवशी 'बरं' म्हणून बसली. तिला जायचं नव्हतं. हे तिने मला सांगितलं नाही, पण दुकान सोडायचं म्हणून ती रिळं खोक्यात भरायची आणि दुसऱ्या दिवशी परत फळीवर लावून ठेवायची. "धूळ बसते ना खोक्यात," म्हणायची. नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं, एवढंच. काम असतं तर कारण असतं.

आणि नेमकं तेव्हाच ती सिनेमावाली दारात येऊन उभी राहिली.

आमच्या धक्क्यावरून समोर एक बेट दिसतं. नुसता खडक आणि मूठभर वाळू. पक्ष्यांशिवाय तिथे कुणी राहत नाही. त्यावर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. ही मुलगी त्यांचा कपडेपट सांभाळायची. केस बारीक कापलेले, गळ्यात मोजपट्टी, आणि उभी असली तरी धावत असल्यासारखी.

"मावशी, एक काम आहे. फाडायचं."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. असं ती फक्त भांडणाआधी करते. "काय करायचं?"

"हा शर्ट फाडायचा. कोरा आहे. बेटावर अडकलेल्या माणसाने कित्येक आठवडे अंगावरून काढला नाही असा दिसायला हवा. माझी मदतनीस आजारी पडलीय, आणि मला एकटीला जमत नाहीये."

"बाहेरची पाटी वाचलीस का? दुरुस्ती लिहिलंय."

"वाचली. म्हणूनच आले. फाटलेले कपडे तुमच्याइतके कुणी पाहिलेत?"

यावर टाचणीने पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या आणि 'हं' केलं. हा खूश झाल्याचा 'हं' होता. सिनेमावाली स्टुलावर बसली आणि हातवारे करत सिनेमाची गोष्ट सांगू लागली.

बोट बुडते. बोटीवरचा स्वयंपाकी तेवढा लाटांनी त्या खडकावर फेकला जातो. झाड नाही, झरा नाही, माणूस नाही. अंगावर एक पॅन्ट आणि एक शर्ट. पाऊस येतो तेव्हा तो शर्ट पसरून पाणी धरतो आणि पिळून पितो. उथळ पाण्यात शर्टाचीच झोळी करून मासोळ्या पकडतो, कच्च्या खातो. पक्ष्यांची अंडी शर्टात बांधून कड्यावरून उतरतो. पायाला जखम होते तेव्हा त्याच शर्टाची पट्टी फाडून बांधतो. दोनदा लांबून जहाज जातं. त्याला ते दिसतं, त्यांना हा दिसत नाही. आणि शेवटी, उभं राहायचंही त्राण उरलेलं नसताना तिसरं जहाज येतं आणि तो शर्ट अंगातून काढून हलवायला लागतो...

"आणि?" मी म्हटलं. माझ्या मांडीवरची बटणं घरंगळून खाली गेली होती.

"पुढचं सिनेमात बघा, आजी."

"सिनेमात बघा म्हणजे काय!" टाचणी उसळली. "आत्ताच्या आत्ता सांग. ते लोक त्याला बघतात की नाही? नाहीतर मी हात लावणार नाही शर्टाला."

"बघतात, बघतात!"

"मग ठीक आहे." टाचणीने शर्ट उचलून उजेडात धरला. "म्हणजे हिरो हा शर्टच आहे की गं. तो माणूस नुसता आतमध्ये."

दुसऱ्या दिवशी तिने शर्ट फाडून ठेवला. सिनेमावालीने तो बराच वेळ उलटसुलट केला आणि ओठ दाबून म्हणाली, "मावशी, हा फाटलेला नाही वाटत. हा दुरुस्तीला आणलेला वाटतो."

मी चष्मा लावून पाहिलं आणि मला हसू आवरेना. टाचणीने प्रत्येक ठिकाणी धाग्याच्या रेषेत, सरळ फाडलं होतं. शिवणीपासून बोटभर अंतर राखून, म्हणजे पुढे जोडायला कापड उरावं. आणि फाटलेल्या प्रत्येक टोकाला एक बारीक टाका घातला होता.

"हा टाका कशाला?"

"अगं, पुढे उसवत जाईल ना!"

"उसवत जायलाच हवंय, मावशी!"

"हसू नका, ताई," टाचणी माझ्यावर घसरली. "जन्मात कधी मुद्दाम फाडलंय का मी? हात वळत नाही." मग जरा थांबून, दाराकडे बघत म्हणाली, "हाताने होत नसेल तर अंगाने करू. चला गच्चीवर."

त्या दोन दिवसांतली आमची गच्ची मी कधी विसरणार नाही. सिनेमावालीने दुसरा कोरा शर्ट दिला. टाचणीने तो आपल्या कपड्यांवरून घातला, बाह्या लोंबत, खालचा काठ गुडघ्यापर्यंत. ती झाली स्वयंपाकी. मी झाले समुद्र. माझ्याकडे बादलीभर खाऱ्या पाण्याचं आणि एका तांब्याचं काम होतं.

"टाका, ताई!"

मी तांब्या फेकला.

"ही काय लाट आहे? बोट बुडालीय माझी! जोरात!"

मग मी अख्खी बादलीच उपडी केली. टाचणी किंचाळली, पडली आणि कठड्याच्या खरबरीत भिंतीला धरून कोपरांवर सरपटू लागली. समोरच्या इमारतीतल्या बाईने खिडकी उघडली. "काय झालं हो मावशी? बरं आहे ना?"

"बोट बुडाली!" टाचणी ओरडली.

"अगोबाई! कुणाची?"

"माझीच!"

खिडकी बंद झाली. बाईने नंतर माझ्याकडे हळूच चौकशी केली, मावशींना डॉक्टरांकडे नेलं का म्हणून.

टाचणी त्या शर्टात खरंच जगली. त्यातून पाणी पिळून प्यायली आणि खारट म्हणून थुंकली. माझी जुनी बटणं अंडी म्हणून त्यात बांधली आणि टाकीच्या शिडीवरून उतरली. मी खालून शिडी धरून "सावकाश गं, साठी उलटलीय तुझी" म्हणत होते आणि ती "पक्षी ओरडतात का असं?" म्हणून मला गप्प करत होती. आणि उतरताना टाकीच्या लोखंडी कोनात तिचा खांदा अडकला. चर्र आवाज झाला. ती जागच्या जागी थिजली. मग तिने मान वळवून खांद्याकडे पाहिलं. कापड तिरकं, वेडंवाकडं, शिवण ओलांडून फाटलं होतं.

"ताई!" तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "फाटला! आपला आपण फाटला!"

आम्ही दोघी टाळ्या वाजवायला लागलो. मग शर्ट खाऱ्या पाण्यात भिजवायचा, कडक उन्हात टाकायचा, पुन्हा भिजवायचा, असं चाललं. फाटलेल्या कडा पिवळट झाल्या, मिठाने कडक झाल्या, धागे दाढीसारखे सुटले. सिनेमावाली न्यायला आली तेव्हा तिने शर्ट नाकाशी धरला आणि आमच्या दोघींच्या गालांचा मुकाच घेतला. दिग्दर्शकांना तो खांदा फार आवडला असं तिने फोनवर सांगितलं. सोमवारी दिवसभर तोच शर्ट घालून नटाने बेटावर काम केलं. संध्याकाळी ती शर्ट परत घेऊन आली.

"कॉलरचं बटण लोंबतंय, तेवढं घट्ट करा. उद्या शेवटचा प्रसंग. जहाज फक्त उद्या संध्याकाळसाठी भाड्याने मिळालंय आणि परवा नट दाढी काढून दुसऱ्या कामावर जातोय. म्हणजे एकच संधी. मावशी, बाकी कशाला हात लावू नका हं."

"मी कशाला हात लावू?" टाचणी म्हणाली. "एवढ्या कष्टाने फाडलाय."

मंगळवारी दुपारी मी खाली गेले तेव्हा ती दाराच्या उजेडात बसली होती, कारण बल्ब नव्हता. शर्ट मांडीवर, सुईत धागा. बटण झालं होतं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. टाचणीने तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"आई, हे निघालेत हं. भांडी आणू नकोस, इथे सगळं आहे."

"बरं."

"मशीनला गॅलरीत जागा केलीय."

"गॅलरीत? ऊन लागेल गं तिला. पाऊस लागेल."

"वर काहीतरी झाकू. आणि आता तुला कुठे शिवायचंय? आराम कर. टीव्ही बघ."

"बरं."

"रिळं कुणाला तरी देऊन टाक."

"बरं."

फोन स्पीकरवर नसतानाही मुलीचा आवाज मला समोर ऐकू येत होता, मी मान खाली घालून बटणं निवडत होते, आणि टाचणीच्या हातांकडे आमच्या दोघींचंही लक्ष नव्हतं. ती जितक्या वेळा 'बरं' म्हणाली तितके टाके पडत गेले असणार.

तासाभराने फोन संपला, तोच जावई आले. सभ्य माणूस, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारा. मशीन बांधायला दोरी आणि गुंडाळायला जाड चादर स्वतः घेऊन आले होते. दारात त्यांची व्हॅन उभी होती. आणि त्यांच्या मागोमाग सिनेमावाली धावत आत शिरली.

"मावशी, शर्ट! लाँच सुटायला फार वेळ नाही." तिने शर्ट उचलला, झटकला, उजेडात धरला. मग उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"मावशी, खांदा कुठे आहे?"

"खांदा? हा काय इथे..." टाचणीने बोट ठेवलं. बोट सरकवलं. शर्ट डोळ्यांजवळ नेला. "इथेच होता." मग तिने दुसऱ्या बाजूचा खांदा पाहिला. दोघी मिळून भोक शोधत होत्या आणि भोक कुठेच नव्हतं. टेबलाच्या कडेवर पिवळट कातरणाची एवढीशी चिमूट पडलेली मी पाहिली.

"टाचणे," मी म्हटलं, "तू रफू केलंस."

तिने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "मी नाही केलं, ताई. मी फोनवर होते!"

सिनेमावाली मटकन स्टुलावर बसली. "काल दिवसभर खांदा उघडा. आज सगळा शर्ट फाटका आणि खांदा नवाकोरा. लोक हसतील."

"उसवते. आत्ता उसवते."

"कडा कापल्यात तुम्ही. आता फाडलं तर ताजं फाटेल, पांढरं. त्या कडांना दोन दिवसांचं ऊन लागलं होतं. मी कुठून आणू दोन दिवस?"

टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटचं काम, आणि तिच्याच हाताने घालवलेलं. जावयांना सगळा प्रकार समजेना. मी त्यांना थोडक्यात सांगितला. त्यांनी घसा साफ केला.

"एक विचारू का? तो माणूस इतके दिवस खांदा उघडा टाकून उन्हात बसतो कशाला? पाठ भाजून निघेल. मी असतो तर पहिल्याच दिवशी शिवून टाकलं असतं."

"तुम्ही?" टाचणी रडण्याच्या बेतात होती, तरी तिला राहवलं नाही. "जावईबापू, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"ओवता नाही येत. पण जीव वाचवायचा असेल तर काहीतरी केलं असतं ना! वेडंवाकडं."

सिनेमावाली स्टुलावरून उठली. तिने जावयांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि फोन काढून बाहेर धावली. बेटावरचा वारा फोनमधून इतका घोंगावत होता की दिग्दर्शकांचं बोलणं अर्ध्या गल्लीने ऐकलं.

"शिवलेला? काल उघडा होता आणि आज शिवलेला? तुला वेड लागलंय का?" मग नुसता वारा. मग, "थांब. म्हणजे रात्रीत त्याने शिवला? म्हणजे त्याने अजून आशा सोडलेली नाही?"

"हो!"

"कशाने शिवला?"

सिनेमावालीने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या अंबाड्याकडे तिची नजर गेली. "बारीक वाकवलेली तार. आणि वाहून आलेल्या जाळ्याचा दोर."

"आण. लवकर आण!"

मग काय विचारता! टाचणीने सपकन रफू कापलं, भोक पुन्हा उघडं केलं. सिनेमावालीच्या पिशवीत नमुन्याला आणलेला जुन्या जाळ्याचा तुकडा होता, त्याचा एक धागा सोडवला. मी अंबाड्यातली पिन काढून दिली. केस सुटून पाठीवर आले, कोण बघतंय! टाचणी पहिला टाका घालायला बसली. घातला. आम्ही तिघांनी पाहिला. इतका देखणा टाका मी कधी पाहिला नाही.

"मावशी, हा तर सोहळ्याला घालता येईल," मुलगी म्हणाली.

टाचणीने तो उसवून वाईट घालायचा प्रयत्न केला. आणखी देखणा पडला. तिने डावा हात वापरला, तोही सरळ! शेवटी तिने पिन जावयांपुढे धरली.

"बसा."

"मी?"

"मघाशी कोण म्हणत होतं, काहीतरी केलं असतं म्हणून? जहाज येतंय, जावईबापू. बसा."

एरवी जावयांना ती पाण्याचा पेला उचलू देत नाही. ते बसले. पहिल्याच टाक्याला पिन अंगठ्यात गेली. "आई गं!"

"रक्त कापडाला लागू द्या," मुलगी आनंदाने ओरडली, "पुसू नका!"

दोन टाके झाले आणि लाँचची वेळ झाली. व्हॅन मशीनसाठी आणली होती; तीत आम्ही चढलो. जावयांनी गाडी हाणली, टाचणी मागे शर्ट छातीशी धरून, चादर आणि दोरी आमच्या पायांत. धक्क्यावर लाँचवाला दोर सोडतच होता. "थांबव रे बाबा!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी शाळेतही कधी ओरडले नव्हते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर हळू आवाजातच बोलायला लावायच्या. लाँच थांबली. सिनेमावालीने आम्हाला सगळ्यांनाच आत ओढलं, कारण शिवण अजून अर्धी बाकी होती.

उरलेले टाके जावयांनी हेलकावे खाणाऱ्या लाँचमध्ये घातले. एक लाट आली की टाका इथे, दुसरी आली की टाका तिथे. टाचणी समोर बसून दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवत होती.

"ताई, धरून ठेवा मला. माझे हात शिवशिवतायत. किती ओंगळ घालताहेत हो!"

"मला ऐकू येतंय," जावई म्हणाले.

"चांगलंच म्हणतेय मी. असंच ओंगळ येऊ द्या. शेवटी गाठ मारा. ती गाठ नव्हे. असू दे, तीच मारा."

बेटावर पाय ठेवला तेव्हा सूर्य उतरणीला लागला होता. नट खडकाला टेकून बसला होता. हाडांचा सापळा, ओठ भेगाळलेले. मला वाटलं याला आधी काहीतरी खायला द्यावं. त्याने शर्ट अंगात घातला, खांद्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी शिवलं?"

टाचणीने जावयांकडे बोट दाखवलं.

"काय भयंकर शिवलंय!" तो म्हणाला आणि इतका हसला की भेगाळलेले ओठ धरून बसला. जावयांनी घसा साफ केला. त्यांना हे आयुष्यातलं मोठं प्रमाणपत्र मिळालं असावं.

आम्हाला मागे वाळूत बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही. दूर पाण्यावर जहाज दिसू लागलं. कॅमेरा सुरू झाला.

तो खडकाला टेकून नुसता बसला होता, आणि त्याची बोटं त्या खांद्यावरच्या टाक्यांवरून फिरत होती, एकेक करून, जशी आपण झोप येत नसताना उशीची शिवण चाचपतो. मग त्याने मान वर केली. जहाज! तो उठला, पडला, पुन्हा उठला. शर्ट कसाबसा अंगातून काढला. त्याने तो डोक्यावर धरून फिरवला, आणि उतरतं ऊन त्या सगळ्या भोकांतून आलं. टाचणीच्या कोपरांनी पाडलेली भोकं, टाकीच्या शिडीने पाडलेली भोकं. त्याचा चेहरा उन्हाच्या ठिपक्यांनी भरून गेला.

जहाज सरळच चाललं होतं.

मला ठाऊक होतं की जहाज भाड्याचं आहे. ते भोंगा वाजवणार हेही ठाऊक होतं. तरी माझा जीव टांगणीला लागला. वारा एवढा होता की शर्ट फडफडून फाटतो की काय असं वाटत होतं.

"टाका सुटेल," जावई पुटपुटले.

"सुटायचा नाही," टाचणी दातांतून म्हणाली. "माझ्यासमोर घातलाय."

जहाज पुढे चाललं. त्याने शर्ट आणखी उंच धरला, घशातून आवाज निघत नव्हता. आणि माझ्या शेजारचा तो सभ्य माणूस, तो प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारा, ताडकन उभा राहिला आणि बोंबलला, "अहो! इकडे! इकडे बघा की! माणूस आहे इथे!"

पुढचं काय सांगू! टाचणी उठली, मी उठले, मुलगी उठली. आम्ही हात हलवत होतो, ओरडत होतो, माझे मोकळे केस तोंडावर येत होते. आणि जहाजाने लांबलचक भोंगा दिला. खडकावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. नट गुडघ्यांवर बसला, शर्ट तोंडाशी धरून.

मग कॅमेरा थांबला. दिग्दर्शक सावकाश आमच्याकडे वळले. जावयांचा रंग उडाला. आमची चूक आमच्या ध्यानात आली.

"आवाज नंतर भरायचाच असतो," दिग्दर्शक म्हणाले. त्यांचेही डोळे ओले होते. "चित्र मिळालं. पण ही माणसं आणलीत तरी कुठून?"

परत येताना लाँचमध्ये टाचणी बराच वेळ पाण्याकडे बघत बसली होती. जावयांच्या अंगठ्याला माझा रुमाल बांधलेला होता आणि ते तो कौतुकाने बघत होते.

"जावईबापू," ती म्हणाली, "मी येत नाही."

त्यांनी वर पाहिलं.

"खोली चांगली आहे तुमची. मुलगी काळजीने बोलावते, तेही कळतं. पण दुपारी मी तोंडाने बरं बरं म्हणत होते, आणि हात काय करत होते ते पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं," जावई म्हणाले.

"मी या हातांना घेऊन गॅलरीत कुठे बसू? तुमच्या घरी काही फाटतही नाही."

मी समुद्राकडे तोंड करून बसले होते, कारण माझा चेहरा कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. धक्का जवळ आला तेव्हा जावयांचा फोन वाजला. पलीकडे टाचणीची मुलगी. मशीन चढवलं का, आई निघाली का, उशीर का झाला, सगळं एका दमात. जावयांनी घसा साफ केला.

"आई येत नाहीयेत," ते म्हणाले. "नाही गं, भांडण नाही. त्या कामात आहेत." आणि मग, जरा अभिमानाने, "मीही होतो."

दुकानात आलो तेव्हा आत काळोख होता. टाचणीने चाचपडत मशीनवरची धूळ हाताने पुसली आणि ओठांत टाचण्या धरल्या. मी वर येऊन बूट दाराबाहेर झटकले, पुन्हा एक फेरी खाली मारली, आणि मग सकाळच्याच पानावर ओळ लिहिली:

सिलिंडर आजही आला नाही. माझ्या कपाटातला बल्ब दुकानात लावला.